मोरचूद (कॉपर सल्फेट) तापवला की पांढरा होतो, पाणी घातलं की परत निळा. मग हा भौतिक बदल का नाही?

तुमच्या मुलीने विचारलंय ते अगदी रास्त आहे. तिला शिकवलं गेलं की उलटा फिरवता येतो तो भौतिक बदल आणि येत नाही तो रासायनिक. प्रयोगशाळेत मात्र तिने मोरचूद पांढरा होऊन पुन्हा निळा झालेला डोळ्यांनी पाहिला आणि उत्तरपत्रिकेत 'भौतिक' लिहिल्यावर गुण गेले. मी शाळेत विज्ञान शिकवते. हा नियम मुलांच्या डोक्यातून काढायला मला दरवर्षी बराच वेळ द्यावा लागतो, कारण तो सोपा आहे आणि निम्म्या उदाहरणांत चालूनही जातो.

तिला दुसरा प्रश्न विचारायला सांगा: आधी जो पदार्थ होता, तोच आता आहे का? बर्फ वितळला तरी रेणू पाण्याचेच राहतात. गहू दळला तर त्या पिठाचे पुन्हा दाणे करता येत नाहीत, पण म्हणून दळणं रासायनिक होत नाही. स्टार्च आणि प्रथिनं (थोडीफार उष्णता लागली तरी) जवळजवळ होती तशीच असतात. बदल उलटा फिरतो की नाही, ही वेगळी चौकशी आहे.

आता मोरचूद. परीक्षानळीत थोडे निळे खडे घेऊन नळीचं तोंड किंचित खाली झुकवून तापवलं, तर तोंडाजवळच्या थंड काचेवर पाण्याचे थेंब जमतात. नळी झुकवायची ती यासाठीच, की हे पाणी परत तापलेल्या काचेवर ओघळून ती तडकू नये. खडे कोरडे दिसत होते, मग पाणी आलं कुठून? ते स्फटिकाच्या आतच होतं. कॉपर सल्फेटच्या एका एककामागे पाण्याचे ५ रेणू असतात. त्यांतले ४ थेट तांब्याला जोडलेले असतात आणि पाचवा सल्फेटच्या आधाराने बसलेला असतो. निळा रंग येतो तो तांब्याच्या भोवती पाणी असं जोडलेलं असल्यामुळे. हे बंध तुटले की रंग जातो. २५० ग्रॅम निळ्या मोरचुदामागे सुमारे १६० ग्रॅम पांढरी पूड उरते, बाकीचे ९० ग्रॅम पाणी. म्हणजे बंध तुटले, स्फटिकाची रचना बदलली, संयुग वेगळं झालं. हा रासायनिक बदल आहे. पांढऱ्या पुडीवर पाण्याचे थेंब टाकल्यावर ती निळी तर होतेच, शिवाय नळी हाताला चांगली गरम लागते. बंध नव्याने जुळताना ती उष्णता बाहेर पडते.

हीच पूड फार तापवली तर ती काळी पडते आणि घशाला झोंबणारा वायू निघतो. काळं उरतं ते कॉपर ऑक्साइड. त्यावर कितीही पाणी ओता, निळं होणार नाही. एकाच खड्यात दोन रासायनिक बदल दिसले, एक सहज परत फिरणारा आणि दुसरा न फिरणारा.

चुन्याचं उदाहरण मला याहूनही आवडतं. चुनखडी भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की १०० किलोमागे ५६ किलो चुनकळी हाती येते आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. भाजल्यावर वजन घटतं ते वायू गेल्यामुळे, हे एडिनबरोच्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७५० च्या दशकात नीट वजनं करून दाखवलं. चुनकळीवर पाणी घातलं की ती फसफसते, पाण्याला उकळी फुटते, आणि ५६ किलोचा ७४ किलो विरलेला चुना होतो. तो भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे रासायनिकदृष्ट्या चुनखडीच. निघालो तिथेच परत आलो, आणि वाटेतला प्रत्येक टप्पा रासायनिक होता.

रंग बदलला, बुडबुडे आले, ऊब आली, या खुणांवरही डोळे मिटून विसंबू नये. सोड्याची बाटली उघडल्यावर येणारे बुडबुडे आधीच विरघळलेल्या वायूचे असतात. डबीतला कापूर कमी कमी होत जातो ते संप्लवन (घन पदार्थाची थेट वाफ होणं), म्हणजे भौतिक. तोच आरतीत पेटवला तर रासायनिक. दोन्ही वेळा कापूर 'संपला' असंच दिसतं.

मीठ पाण्यात विरघळणं कशात धरायचं, यावर शिक्षकांतही वाद होतात. शालेय उत्तर 'भौतिक', आणि परीक्षेत तिने तेच लिहावं. पण मिठाच्या स्फटिकातले आयन (विद्युतभार असलेले कण) सुटे होऊन पाण्याच्या रेणूंनी वेढले जातात, त्यामुळे सीमारेषा तिथे पुसट आहे, हेही तिला सांगा. मोठ्या वर्गात गेल्यावर गोंधळ होणार नाही.

द्राक्षबागायतदार ओळखीचे असतील तर तिला बोर्डो मिश्रण (वेलींवर फवारायचं बुरशीनाशक) करताना पाहू द्या. एक टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचुदाचं आणि चुन्याचं द्रावण एकत्र आलं की आकाशी रंगाचा गाळ धरतो. चुना पुरेसा पडला का, हे बघायला त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवतात. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळं कॉपर सल्फेट शिल्लक आहे, अजून चुन्याची निवळी घालायची. लोखंड द्रावणात जातं आणि तांबं बाहेर येऊन बसतं. लोखंडी भांड्यात हे मिश्रण करत नाहीत तेही याचमुळे.

घरी करायचा तर खिळ्याचाच प्रयोग करा, काचेच्या जुन्या बरणीत आणि मोठ्या माणसासमोर. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे ती बरणी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका आणि हात साबणाने धुवा. तापवण्याचा प्रयोग मात्र शाळेच्या प्रयोगशाळेतच होऊ द्या.