गणित सोडू की ठेवू?

प्रश्न : लेक यंदा दहावी झाली. जीवशास्त्र तिला मनापासून आवडतं, गणितात ७७ गुण आहेत. डॉक्टरच व्हायचं असं तिचं अजून पक्कं नाही. घरातले म्हणतात, गणित सोड, उगाच ओझं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र असे चारही विषय झेपतील का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, पक्कं नाही म्हणूनच गणित ठेवा. अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच. फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र, कोणतंही चालतं. आयसरच्या (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था) प्रवेशपरीक्षेत तर ६० प्रश्नांपैकी चारही विषयांचे १५-१५ असतात. जीवशास्त्रातच पुढे संशोधन करायचं म्हटलं तरी संख्याशास्त्राशी गाठ पडतेच.

प्रवेश घेताना एक गोष्ट बघा. बायफोकल हा व्यावसायिक विषय (इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स वगैरे) २०० गुणांचा असतो. तो दुसरी भाषा आणि आणखी एका विषयाची जागा घेतो, आणि तो दुसरा विषय बहुतेक वेळा जीवशास्त्रच असतो. गुण चांगले पडतात म्हणून मुलं बायफोकल घेतात आणि जीवशास्त्र हातचं जातं. तुमच्या लेकीसाठी तो नको.

झेपेल का, हे दिवाळीपर्यंत कळतं. अकरावीच्या त्रिकोणमितीतली दहा गणितं गाईड बंद ठेवून, घड्याळ लावून सोडवायला द्या. उत्तर चुकलं तर ते नक्की कुठे चुकलं, हे तिला स्वतःला सापडतंय का ते पाहा. सापडत असेल तर निर्धास्त राहा, वेग सरावाने येतो. सूत्र माहीत असूनही पहिली पायरीच सुचत नसेल, तर आठवी-नववीच्या बीजगणितात कच्चं राहिलंय, आधी तिकडे वळा. दिवाळीपर्यंत डॉक्टरकीचं नक्की झालं, आणि कॉलेज तेव्हा विषय बदलू देत असेल, तर मात्र गणित सोडायला माझी हरकत नाही. नीटच्या (वैद्यकीय प्रवेशपरीक्षा) ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे आहेत, तो वेळ तिकडे लागू दे. फक्त लॉगॅरिदम, सदिश (व्हेक्टर) आणि साधं विकलन (डिफरन्सिएशन) पक्कं ठेवा, भौतिकशास्त्रात त्यावाचून अडतं.

सगळ्यात मोठी चूक होते ती अकरावी ‘विश्रांतीचं वर्ष’ समजण्यात. एमएचटी-सीईटीत (अभियांत्रिकी, फार्मसीसाठीची राज्याची प्रवेशपरीक्षा) अकरावीचा वाटा साधारण २० टक्के आहे, एवढंच ऐकून मुलं ती सोडून देतात. पण बारावीच्या भौतिकशास्त्राचा पहिलाच धडा परिवलन गतीचा. अकरावीच्या दुसऱ्या धड्यातला सदिश गुणाकार येत नसेल, तर बलआघूर्णाची (टॉर्क) दिशाच कळत नाही. रसायनशास्त्रात मोलचं गणित कच्चं असेल, तर द्रावणांच्या धड्यात अडकायला होतं. अकरावीतली सेंद्रिय रसायनशास्त्राची मूलतत्त्वं नीट झाली नसतील, तर बारावीच्या अभिक्रिया पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि पाठ केलेलं सीईटीच्या फिरवलेल्या प्रश्नात उपयोगी पडत नाही. म्हणून अकरावीच्या प्रत्येक धड्याचं दोन पानी टिपण तिच्याच अक्षरात करून घ्या.

सीईटीत नकारात्मक गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. नीटमध्ये चुकीला एक गुण जातो. दोन्ही देणाऱ्यांनी सराव वेगवेगळ्या दिवशी करावा, नाहीतर एकीची सवय दुसरीत नडते.

प्रश्न : कॉमर्सला एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेऊ की मॅथ्स? पुढे अर्थशास्त्र किंवा सीए करायचंय. – अकरावीतला विद्यार्थी, नाशिक

उत्तर : मॅथ्स घे. एसपीत गुण सहज पडतात हे खरं, पण तुझ्या दोन्ही वाटा गणितावरून जातात. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला गणिताशिवाय अर्जच करता येत नाही. सीएला बारावीचं गणित सक्तीचं नाही, पण त्याच्या पहिल्या परीक्षेचा, फाउंडेशनचा, तिसरा पेपर १०० गुणांचा असतो. त्यात व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र येतं, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. आता एसपी घेतलीस, तर हे सगळं बारावीनंतर क्लासमध्ये अवघ्या काही महिन्यांत उरकावं लागेल. विषय बदलायचा असेल तर पहिल्या घटक चाचणीच्या आत कॉलेजच्या कार्यालयात अर्ज दे. उशीर झाला की कॉलेजं सहसा तयार होत नाहीत, आणि बुडालेला भाग तुलाच भरून काढावा लागतो.