नुकसानभरपाई, मोबदला की सानुग्रह रक्कम?

प्रश्न असा आला आहे : चाकण परिसरातल्या एका कारखान्याने कामगारकपात केली आणि त्यात प्रश्नकर्त्याच्या भावाची नोकरी गेली. कंपनीच्या पत्रात मिळणाऱ्या पैशांना ‘सानुग्रह रक्कम’ म्हटले आहे, युनियनच्या मागणीपत्रात तिलाच ‘नुकसानभरपाई’ म्हटले आहे आणि गावाकडच्या बातमीत ‘मोबदला’ असा शब्द आला आहे. हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का, आणि नसतील तर कोणता वापरावा?

ते एकाच अर्थाचे नाहीत, आणि युनियन ‘सानुग्रह’ हा शब्द नको म्हणून अडून बसली असेल तर ती योग्यच करते आहे असे माझे मत आहे. अनुग्रह म्हणजे कृपा. सानुग्रह म्हणजे कृपापूर्वक दिलेले. महापालिका आपल्या कर्मचाऱ्यांना दिवाळीच्या तोंडावर जे सानुग्रह अनुदान देते, तिथे हा शब्द शोभतो, कारण ते किती द्यावे हे देणारा दरवर्षी ठरवतो. कपातीच्या वेळी द्यायचे पैसे या जातीचे नाहीत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-फ नुसार, किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार द्यावा लागे आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे, तसेच सहा महिन्यांहून अधिक उरलेल्या भागासाठीही, १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे. बारा वर्षे सात महिने नोकरी झाली असेल तर तेरा वर्षे धरायची, म्हणजे १९५ दिवसांचे वेतन झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, पण १५ दिवसांचे हे माप तिच्यातही कायम आहे.

हे पैसे किती बंधनकारक आहेत, हे मुंबईच्याच एका खटल्यातून स्पष्ट झाले. जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्डमधल्या कर्मचाऱ्यांना भरपाई न देता कमी करण्यात आले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६० साली निकाल लागला की ही रक्कम कपातीच्या वेळीच देणे ही कपातीची पूर्वअट आहे आणि ती पाळली नाही तर कपातच अवैध ठरते. जी रक्कम दिल्याशिवाय मालकाची कृती कायद्यात उभीच राहत नाही, तिला कृपा कसे म्हणायचे?

आता ‘मोबदला’. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि बदल, बदला, बदली हे त्याचे सख्खे भाऊ आहेत. एक वस्तू देऊन तिच्या जागी दुसरी घेणे, हा त्याचा गाभा आहे. जमीन दिली की तिचा मोबदला मिळतो, काम केले की कामाचा मोबदला मिळतो. (याच कुळातला ‘बदली’ हा शब्द मुंबईच्या गिरण्यांमधून थेट कायद्याच्या इंग्रजी मजकुरात जाऊन बसला. हजेरीपटावर ज्याचे नाव आहे त्याच्या जागी काम करणारा तो बदली कामगार, आणि वर्षभराची सलग सेवा पूर्ण होईपर्यंत त्याला ले-ऑफची, म्हणजे काम नसल्याने तात्पुरते घरी बसवल्याची, भरपाई मिळत नसे.) कामगाराने केलेल्या कामाचा मोबदला पगाराच्या रूपाने त्याला आधीच मिळालेला असतो, त्यामुळे नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या पैशांना हा शब्द नीट लागू पडत नाही.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो वजनदार आहे. रक्कम मोजताना मागे झालेली वर्षेच मोजतात, पुढे किती महिने घरी बसावे लागेल हे कोणी पाहत नाही. मग हा सेवेचाच मोबदला नव्हे का? सर्वोच्च न्यायालयाने इंडियन ह्यूम पाइप कंपनीच्या खटल्यात याचे उत्तर दिले आहे. झालेल्या सेवेबद्दल मिळते ती ग्रॅच्युइटी, शासकीय मराठीत उपदान. कपातीची भरपाई ही बेकारीच्या काळातली अडचण थोडी हलकी व्हावी म्हणून असते, आणि त्यामुळे कामगार दोन्ही मागू शकतो. दोन्हींच्या हिशोबात १५ दिवस येतात म्हणून पुष्कळ लोक त्यांना एकच समजतात, आणि कारकुनाने एकच आकडा पुढे केला की त्यावर सही करून मोकळे होतात.

उरला ‘नुकसानभरपाई’. हाच शब्द बरोबर आहे. तो स्त्रीलिंगी आहे आणि जोडून लिहावा. ‘नुकसान’ अरबीतून आलेले आहे, ‘भरपाई’ मात्र आपल्या भरणे आणि पावणे या क्रियापदांची आहे. जुन्या दस्तऐवजांत पूर्ण रक्कम हाती आल्यावर ‘भरून पावलो’ असे लिहून देत असत. रक्कम पुरेशी आहे की नाही हे घेणाऱ्याने म्हणायचे, हा भाव त्या शब्दात आहे.

बातम्यांमध्ये होणारी आणखी एक गल्लत सांगायला हवी. ले-ऑफ म्हणजे कपात नव्हे. ले-ऑफमध्ये काम नसते, पण नोकरी तुटलेली नसते, आणि मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळते. तळेगावच्या जनरल मोटर्स कारखान्यात एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना नोटीस मिळाली ती ले-ऑफची होती. ‘स्वेच्छानिवृत्ती’ हाही वेगळाच शब्द आहे. कायद्याने ती कपातीच्या व्याख्येतून वगळलेली आहे, म्हणून त्या अर्जावर सही करण्यापूर्वी ‘स्वेच्छा’ हा शब्द दोनदा वाचावा.

आपल्या भावाने कंपनीला उत्तर देताना रकमेचे तीन भाग वेगवेगळ्या ओळींत मागावेत : नोटिशीऐवजीचा पगार, कपातीची नुकसानभरपाई आणि उपदान. कंपनी कायद्याने ठरलेल्या रकमेहून जास्त देणार असेल तर तेवढ्या वरच्या भागाला तिने खुशाल सानुग्रह म्हणावे, पण तो चौथ्या ओळीत लिहावा.