साळिंदर भर दुपारी

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर. वन्यजीव संशोधन आणि गावागावांत संवर्धन-शिक्षण करणाऱ्या एका प्रकल्पावर चार आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचं मनात आहे. शुल्क भरावं लागेल. जीवशास्त्राचा गंध नाही. माझा उपयोग होईल, की नुसतीच लुडबुड?

उत्तर : हिशेब तपासता येतो ना? मग अर्धं काम येतंच. कॅमेरा ट्रॅप म्हणजे जंगलात लावलेला, समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्याच्यासमोर तापलेलं गवत हललं तरी फोटो निघतो. असे रिकामे फोटो ढिगाने चाळायचे आणि प्राणी दिसला की जागा, वेळ, कोणती बाजू दिसते ते टिपायचं. बिबट्याच्या डाव्या-उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात. बाजू चुकली की एकाचे दोन बिबटे होतात.

मी स्वतः पहिल्याच खेपेला कॅमेऱ्याचं घड्याळ १२ तासांनी चुकवलं होतं. नोंदीत साळिंदर भर दुपारी हिंडू लागलं! फोटो अंधारातला, इन्फ्रारेड, काळापांढरा होता म्हणून चूक सापडली. काहीच दिसलं नाही तर रकाना कोरा सोडू नका, शून्य लिहा. नवखे शून्य लिहायला लाजतात. मीही लाजायचे.

शाळेतला तास मात्र जड जातो. अन्नसाखळीचा तक्ता घेऊन मी उभी राहिले, तर एका मुलीने विचारलं, ‘बिबट्याने आमची शेळी नेली. त्याला का वाचवायचं?’ तक्त्यात उत्तर नव्हतं. मग गोठ्याला रात्री दार लागतं का, भरपाईचा अर्ज कुणी भरून देतं का, यावरच तास गेला. तो बरा झाला. तिथल्या भाषेत बोलणारा स्थानिक सहकारी वर्गात नसेल, तर तुम्ही एकटीने तास घेऊ नका.

शुल्क घेण्यात गैर काही नाही. ते कशावर खर्च होतं, नोंदी पुढे कोण वापरतं आणि तुम्ही परतल्यावर शाळेत कोण जातं, एवढं आधी विचारा. जाहिरातीत पिल्लू कुशीत घेतलेला फोटो असेल तर विचारायचीही गरज नाही, जाऊच नका. आयसीयूएनच्या नव्हे, आययूसीएनच्या (निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना; हे नाव माझं नेहमी उलटसुलट होतं) वानरवर्ग तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये अशा फोटोंबद्दल सूचनाच काढल्या. माणसाचा सर्दीखोकला वानरांच्या जिवावर बेततो.

आणि हो, आकडे नीट काढायचा सराव करा. माझे १ आणि ९ अजून कुणाला वेगळे वाटत नाहीत.