कार्यशाळा संपल्यावर तिच्यासोबत कोण?

प्रिय,

बालवर्गाच्या शिक्षिकांसाठी तू केलेला वर्षभराचा आराखडा सावकाश वाचला. विषय नेमके निवडले आहेस: भाषा, खेळ, पालकांशी बोलणं, हट्टी म्हणवल्या जाणाऱ्या मुलांना समजून घेणं. पण आराखडा सगळा कार्यशाळांचाच आहे. दुसऱ्या दिवशी ती ताई परत वर्गात एकटीच उभी असणार. तेव्हा तिच्यासोबत कोण, हे मला त्यात कुठे सापडलं नाही.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन संशोधकांनी १९८०च्या दशकात शाळाशिक्षकांबाबत याचाच अभ्यास केला. नवी पद्धत समजावली, करून दाखवली, सरावही करून घेतला, तरी रोजच्या वर्गात ती फार थोड्यांच्या हातून उतरते, असं त्यांना आढळलं. सहकाऱ्याची सोबत पुढे चालू राहिली तर चित्र पालटतं. लहान मुलांच्या वर्गाला हे अधिकच लागू पडतं, असं माझं ठाम मत आहे. तिथलं खरं शिकवणं ठरवलेल्या पाठात थोडं आणि हात धुताना, बूट घालताना, एकाच खेळण्यासाठी दोघं रडत असताना जास्त होतं. तो क्षण सभागृहात आणता येत नाही.

एक उदाहरण देते. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं दिसलं. तेच तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. हे ऐकून प्रत्येक शिक्षिका मान डोलावते. पण वर्गात उत्तर यायला उशीर झाला की तिचाच जीव वरखाली होतो आणि तीच उत्तर देऊन मोकळी होते. यात तिचा दोष नाही, ती सवय आहे. जी मुलं अजून शब्द जुळवायलाच शिकत आहेत, त्यांना तर आणखी थोडा वेळ लागतो. ही सवय बदलायला महिनाभर एवढी एकच गोष्ट धरून ठेवावी लागते, आणि ‘आज तो बोलला, पाहिलंस ना?’ असं म्हणणारं कुणीतरी शेजारी लागतं. ते कुणीतरी तू हो. एका महिन्याला एकच गोष्ट घे. तुझ्या आराखड्यात एकेका महिन्यात चार-चार आहेत.

आता वर्गात जाशील कशी, ते फार महत्त्वाचं आहे. जॉइस आणि शॉवर्स यांनी पुढे १९९६मध्ये लिहिलं की, वर्ग पाहून आल्यावर सहकाऱ्याला अभिप्राय देण्याचा भाग त्यांनी वगळूनच टाकला. सगळे सहकारीच असूनही अभिप्राय द्यायला बसलं की माणसं नकळत तपासनीस होत होती. म्हणून त्यांनी नातंच उलटं केलं: शिकवणारी व्यक्ती मार्गदर्शक, पाहणारी शिकणारी. हे मला मनापासून पटतं. गुण देण्याचा तक्ता घेऊन वर्गात शिरलीस तर त्या दिवशी तुला फक्त सजवलेला तास दिसेल.

जमिनीवर, मुलांच्या उंचीला बस. मुलं काय म्हणाली, काय करत होती, तेवढंच त्यांच्या शब्दांत टिपून घे. नंतर ते ताईला दाखव आणि विचार, ‘यातून तुम्हाला काय वाटतं?’ आणि मग खरंच थांब. तीन सेकंद तिलाही हवेत. इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहरातल्या बालशाळांत मुलांची संभाषणं, चित्रं, छायाचित्रं जपून ठेवतात आणि शिक्षक एकत्र बसून त्यांचा अर्थ लावतात. तिथे हे रोजच्या कामातच धरलेलं आहे, म्हणून ते चालतं. ताईंच्या कामाबद्दल बोलण्यापेक्षा मुलांबद्दल बोललं की त्या कितीतरी मोकळेपणाने बोलतात. सर्वात अनुभवी ताईंच्या वर्गात आधी जा, आणि शिकायलाच जा.

पैशांचंही स्पष्ट बोलते. हे बसणं-बोलणं मुलं घरी गेल्यावर, बिनपगारी वेळेत होणार असेल तर सुरूच करू नकोस. आधीच कमी पगारावर राबणाऱ्या बायकांकडून ‘तळमळ’ या नावाखाली आणखी तास काढून घेणं मला मान्य नाही. संस्थाचालकांशी बोलताना ही मागणी पहिली ठेव. त्या वेळात मुलांजवळ कोण थांबेल, तिचं नाव आणि तिचं मानधन दोन्ही आराखड्यात असू दे.

निम्म्या कार्यशाळा काढून टाक. त्यांचा खर्च या बदली शिक्षिकेकडे वळव आणि सुधारलेला आराखडा संस्थेकडे देण्याआधी मला पाठव. आपण दोघी मिळून आकडे बसवू.

तुझी,
ताई