वडिलांच्या सीडी रिप करायच्यात (कॉम्प्युटरवर फाइली म्हणून उतरवायच्यात), फ्लॅक घेऊ, अलॅक घेऊ की सरळ वेव्हच ठेवू?

तुमच्याकडे वडिलांच्या साडेतीनशे सीडी, बहुतेक शास्त्रीय, आणि घरात एकाकडे आयफोन बाकी सगळे अँड्रॉइडवाले. डोळे झाकून फ्लॅक घ्या. वेव्ह म्हणजे न दाबलेली आवाजाची फाइल, फ्लॅक आणि ॲपलचं अलॅक म्हणजे काही न गमावता दाबलेली.

आवाजाचं म्हणाल तर तिन्हीत काडीचाही फरक नाही, फ्लॅक किंवा अलॅक उलगडलं की सीडीवरचे आकडे जसेच्या तसे परत मिळतात. ॲपलच्या म्युझिक ॲपमधे फ्लॅक चालत नाही हे खरं, पण आयफोनसाठी नंतर अलॅक बनवून देता येतं, त्यात काहीच गमावत नाही. फ्लॅक बनवताना लेव्हल ० ते ८ दिसेल तो क्वालिटीचा नंबर नाही, फक्त फाइल किती दाबायची त्याचा आहे, ५ वर राहू द्या.

वेव्ह मात्र नको, आणि जागेसाठी म्हणत नाहीये. मी पहिल्या चाळीसेक सीडी वेव्हमधे काढल्या, पुढच्या फ्लॅकमधे, आणि तीन वर्षांनी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. फ्लॅकमधे मूळ आवाजाचा एमडी५ (आवाजाच्या आकड्यांवरून काढलेला तपासणीचा ठसा) फाइलमधेच लिहिलेला असतो, त्यामुळे रात्री तो ताडून बघणारी टेस्ट लावून झोपलो तर सकाळी बिघडलेल्या १४ फाइलींची यादी समोर होती, तेवढ्याच परत रिप केल्या. वेव्हमधे असलं काही नसतंच, कुठली बिघडलीय कळायला बसून ऐकत राहा, शेवटी त्या चाळीसच्या चाळीस परत काढल्या.

फॉरमॅटपेक्षा रिप नीट होणं जास्त महत्त्वाचं आहे. विंडोज असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर घ्या, त्यात सिक्युअर मोड (चुका तपासत वाचणारा) लावा, ॲक्युरेटरिप चालू ठेवा, म्हणजे त्याच सीडीच्या इतरांच्या रिपशी तुमची रिप जुळते का ते कळतं. शास्त्रीयमधे अजून एक गोष्ट, विलंबित संपून द्रुत सुरू होतो तिथे ट्रॅक बदलतो पण तानपुरा चालूच असतो, आणि एमपी३ मधे फाइल बनवणारा एन्कोडर आगेमागे थोडी शांतता चिकटवतो त्यामुळे नेमका तिथेच तानपुरा अडखळतो, रंग जातो हो सगळा. फ्लॅकमधे तशी भर पडत नाही, फक्त प्लेयर गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमधे खंड न पाडता, वाजवणारा हवा.

टॅग, म्हणजे फाइलमधेच लिहायची ट्रॅकची माहिती, त्याच बैठकीत भरा. फ्लॅकमधे हव्या त्या नावाचा रकाना करता येतो, मी राग, ताल, तबला, हार्मोनियम असे वेगळे ठेवलेत, ही माहिती बऱ्याचदा सीडीच्या आतल्या कागदावरच असते आणि इंटरनेटवरून आपोआप येणाऱ्या टॅगमधे क्वचितच मिळते.

आणि सुरुवात जुन्या, खराब दिसणाऱ्या सीडींपासून करा. खालचे ओरखडे बऱ्याचदा निभावून जातात, पण चंदेरी थर छापील बाजूला पातळ लॅकरच्या लगेच खाली असतो, तो उडाला की तिथला आवाज गेलाच. सीडी उजेडासमोर धरून बघा, टाचणीएवढी भोकं दिसली तर ती आजच रिप करा.