आधी बूड बघा, मग खूण : जपानी फुलदाण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निळ्या, लाल आणि सोनेरी रंगांतली एक जुनी फुलदाणी विकायला आली आहे. विक्रेता तिला ‘जपानी इमारी’ म्हणतो, पण बुडावर सहा चिनी अक्षरे आहेत. मग ती चिनीच नाही का?

उत्तर : अक्षरांवरून काहीच ठरवू नका. इमारी हे जपानच्या क्यूशू बेटावरचे बंदर. पोर्सेलीनचा, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीचा माल घडायचा जवळच्या आरिता गावात आणि आसपासच्या भट्ट्यांत. इमारीहून तो नागासाकीला जाई आणि तिथे देजिमाच्या वखारीतून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढे. चीनमध्ये मिंग घराणे कोसळले, तिकडून पुरवठा आटला, म्हणून डच जपानकडे वळले. १६५९ मध्ये त्यांनी एका दमात पन्नास हजारांहून जास्त नगांची मागणी नोंदवली. पण दबदबा चिनी मालाचाच होता. त्यामुळे मिंग सम्राट चंगह्वाच्या (१४६५–१४८७) नावाची सहा अक्षरे आरितात सर्रास रंगवली जात. निर्यातीच्या पहिल्या काळातल्या बऱ्याच फुलदाण्यांवर तर कसलीच खूण नसते.

पुढे उलटही झाले. १६८० च्या दशकात चीनमधल्या जिंगदेझनच्या भट्ट्या पुन्हा जोरात सुरू झाल्या आणि चिनी कारागिरांनी हीच निळी-लाल-सोनेरी तऱ्हा उचलून स्वस्तात विकली. तेव्हा फुलदाणी आडवी करून बूड उजेडात धरा. आरिताचा माल जाडसर आणि वजनाला भारी असतो, त्याच्या पांढऱ्यात करडी झाक असते. निळा रंग गडद, काळपट आणि कडेला किंचित पसरलेला दिसतो. चिनी इमारीची भिंत पातळ, निळा रंग स्वच्छ आणि लाल रंग पातळ लावलेला. चिनी नगाच्या बुडाच्या कडेला, ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) संपते तिथे, बरेचदा गंजासारखी तांबूस रेघ उमटलेली असते. एकाच लक्षणावर विसंबू नका, निदान तीन तरी जुळली पाहिजेत. भट्टीतल्या टेकूंचे बारीक ठिपके ही जपानी ओळख म्हणून सांगतात ते खरे आहे, पण ते मोठ्या ताटांच्या पाठीवर सापडतात. फुलदाणीच्या बुडाला ते नसले म्हणून बिचकू नका.

प्रश्न : सतराव्या-अठराव्या शतकातली फुलदाणी आणि एकोणिसाव्या शतकातली, यांतला फरक घरच्या घरी कळतो का?

उत्तर : बऱ्याच अंशी कळतो. सुरुवात निळ्या रंगापासून करा. निळा रंग देणारा जुना कोबाल्ट खनिजातून येई आणि त्यात इतर धातूंची भेसळ असे, म्हणून रंग कुठे दाट, कुठे करडा उतरे. जर्मन रसायनतज्ज्ञ गॉटफ्रीड वागेनर १८७० मध्ये आरिताला आले आणि त्यांनी कारखान्यात तयार होणारा कोबाल्ट वापरायला शिकवले. त्यानंतरचा निळा भडक, एकसारखा, जांभळट झाक असलेला दिसतो. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनानंतर युरोपातून मागणी वाढली, तेव्हाच्या फुलदाण्या आकाराने मोठ्या आणि नक्षीने खचाखच भरलेल्या असतात. रिकामा पांढरा भाग शोधावा लागतो.

मग आत हात घाला. मोठी बरणी चाकावर एका फटक्यात होत नाही. दोन-तीन भाग वेगळे करून ओल्या मातीच्या लगद्याने जोडतात. पोटाच्या किंवा खांद्याच्या आत बोटाला आडवा उंचवटा लागतो तो हा जोड. त्याला तडा समजून घाबरण्याचे कारण नाही.

शेवटी झीज बघा. निळा रंग ग्लेझच्या खाली, सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजलेला, तो झिजणारच नाही. लाल आणि सोनेरी मात्र ग्लेझवर लावून ७००–८०० अंशांच्या आसपास, सोने त्याहूनही कमी आचेवर बसवतात. शंभर-दोनशे वर्षे हाताळलेल्या नगाचे सोने पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर आणि तोंडाच्या कडेला विटलेच पाहिजे. तिथेच ते झगझगीत असेल आणि आडोशाच्या घडीत उडालेले, तर नंतर कुणीतरी पुन्हा मुलामा चढवला आहे.

प्रश्न : तुतारीसारखे वर पसरलेले तोंड असलेली एकच फुलदाणी मिळाली. तिचे झाकण हरवले असावे का?

उत्तर : नाही, तिला झाकण नव्हतेच. युरोपात शेकोटीवरच्या फळीसाठी आणि कपाटाच्या माथ्यासाठी पाच नगांचा संच मांडत : तीन झाकणाच्या बरण्या आणि मधेमधे दोन अशा तुतारी तोंडाच्या फुलदाण्या. तुमची त्यांपैकी एक. बरणी घेताना मात्र झाकण तपासा. झाकणावरचा निळा आणि अंगावरचा निळा शेजारी धरला की जुळवाजुळव लगेच उघडी पडते.

पितळी किंवा सोनेरी ब्राँझची पट्टी गळ्यावर असेल तर जास्त सावध राहा. पॅरिसमध्ये अशा पट्ट्या शोभेसाठी बसवत हे खरे, पण टवके उडालेला गळा घासून सपाट करायचा आणि वर पट्टी चढवायची, ही युक्तीही जुनीच. पट्टीखाली नक्षीची किनार मधेच कापलेली दिसली तर समजून जा.

प्रश्न : बुडावर ‘निप्पॉन’ लिहिले आहे. किती जुनी?

उत्तर : साधारण १८९१ ते १९२१. ‘निप्पॉन’ म्हणजे जपानी भाषेत जपान. अमेरिकेच्या आयात कायद्याने मूळ देशाचे नाव लिहिणे सक्तीचे केले, म्हणून ते आले. १९२१ नंतर ‘निप्पॉन’ऐवजी ‘जपान’ लिहावे लागले. म्हणजे तुमचा नग बहुधा अमेरिकेसाठीचा आहे, युरोपसाठीचा नव्हे.

प्रश्न : सात्सुमा ही दुसरी जपानी फुलदाणीही याच जातीची का?

उत्तर : नाही. तिची माती पिवळसर, सच्छिद्र आणि ग्लेझवर बारीक जाळी. पोर्सेलीन नाही ते. तिला पाण्यात बुडवू नका.

प्रश्न : धुवायची कशी? आणि फुले ठेवली तर चालतील का?

उत्तर : आधी अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च फिरवा. नंतरच्या दुरुस्तीत भरलेला लगदा, डिंक आणि रंग आजूबाजूच्या ग्लेझपेक्षा वेगळे चमकतात. असा डाग दिसला तर पाण्यात घालायचीच नाही. जुना प्राण्यांपासूनचा डिंक कोमट पाण्यात सुटतो आणि तुकडे हातात येतात. अशा वेळी ओलसर कापसाच्या बोळ्याने पुसणे पुरे.

नग धड असेल तर प्लास्टिकच्या टबात जाड टॉवेल अंथरा, अंगठ्या काढा, कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब घाला. नळाखाली धरू नका, निसटते ती तिथेच. एक हात बुडाखाली, एक पोटावर. गळ्याला किंवा कानांना धरून कधीही उचलू नका. सोन्यावर ब्रश नको. स्वच्छ पाण्याने विसळून टॉवेलवर एक दिवस वाळू द्या. ब्लीच तर अजिबात नको : चिरेत शिरलेले क्षार वाळताना स्फटिक होऊन ग्लेझ आणि सोने उचकटतात. व्हिनेगर रंगांत असलेल्या शिशाला खाते, म्हणून रंगकामावर तेही नको.

फुले ठेवायची तर आत काचेचे भांडे घाला. केसासारखी चीर डोळ्यांना दिसत नसली तरी पाणी तिच्यात शिरते आणि काही महिन्यांत तपकिरी रेघ उमटते. फुलदाणी डळमळत असेल तर बंद पिशवीत कोरडी वाळू भरून तळाशी ठेवा, उंचीच्या पाव भागापर्यंत. अंगावर उभा तडा असेल तर वाळूही नको, वजनाने तो वाढतो.

प्रश्न : नखाने वाजवल्यावर बद्द आवाज येतो. तडा असेल का?

उत्तर : असू शकतो. पण जाड बरणी आणि आतला जोड यांमुळेही आवाज दबतो, आणि टेबलावर सपाट ठेवून वाजवली तर धडधाकट नगही बद्द वाजतो. तळहातावर तोलून पुन्हा वाजवा. तरीही तसाच आवाज आला तर टॉर्च आतून लावा, चीर असेल तर उजेडात काळी रेघ दिसेल. बुडाला मधोमध गोल भोक आणि कडा खरखरीत असतील तर ती एकेकाळी दिवा बनवलेली फुलदाणी आहे. भोक बुजवता येते, पण किंमत उतरते ती उतरतेच.