आधी मॅन्डोलिन गाडीच्या डिकीतून बाहेर काढा

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा सतरा वर्षांचा, जन्म तिकडचाच, आता बारावीत जाणार. सहा वर्षं व्हायोलिन शिकला, मग चार वर्षांपूर्वी ते सोडून ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतातलं मॅन्डोलिन हे तारवाद्य धरलं. त्याला ईस्ट टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत जाऊन ब्लूग्रासच शिकायचंय, वडिलांना कम्प्युटर सायन्स हवंय. कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेत 1380 आले. आई लिहितात, "ह्यांनी मॅन्डोलिन उचलून गाडीच्या डिकीत टाकलं, ऑगस्टची परीक्षा होईपर्यंत मिळणार नाही म्हणाले. तो भांडला नाही, रडला नाही, फक्त आता जेवायला खाली येत नाही. यात करिअर आहे का ते सांगा."

ताई, करिअरचं सांगते, पण आधी त्या जेवणाचं बोलू. भांडणाऱ्या मुलाची मला काळजी वाटत नाही, भांडतोय म्हणजे आपलं कोणीतरी ऐकेल असं त्याला अजून वाटतंय. गप्प झालेल्या मुलाची वाटते. तुमच्या पत्राच्या तीन पानांत मार्क आहेत, फी आहे, डेडलाइन आहेत, आणि ही ओळ मधेच कुठेतरी येऊन गेलीय. माझ्या दृष्टीने अख्खं पत्र त्या एका ओळीत आहे. मार्कांसाठी मुलाचं वाद्य काढून घेणं मला अजिबात पटत नाही, आणि हे मी तुमच्या मिस्टरांनाही तोंडावर सांगेन. मोबाइल काढून घेतला असता तर गोष्ट वेगळी होती, वाद्य हा टाइमपास नाही, तो मुलगा दिवसभरात जे काही बोलत असेल त्यातलं निम्मं त्यावरच बोलत असणार.

त्यांच्या भीतीबद्दलही तुम्ही लिहिलंय, गेल्या वर्षी लेऑफ झाला, सात महिने घरी होते. माणूस एकदा असा पोळला की लेकराच्या बाबतीत जास्तच घट्ट धरतो, ते मला कळतं, त्यांना वाईट बाप म्हणायची माझी इच्छा नाही. पण त्यांनी ही भीती मुलाला शब्दांत कधी सांगितलीय का? की तो फक्त डिकीची किल्ली बघतोय? एकदा त्याला समोर बसवून ते सात महिने कसे गेले, रात्री झोप का लागायची नाही, हे सांगू द्या. सतराव्या वर्षी मुलांना कळतं हो सगळं.

आता तुमच्या मिस्टरांचं दुसरं वाक्य. रॉलीच्या ब्लूग्रास फेस्टिव्हलला (2013 पासून 2024 पर्यंत तो तुमच्या दाराशीच भरायचा, आता चॅटनूगाला गेला) मुलाला वाजवताना पाहून ते म्हणाले, "हा तर मागे उभा राहून नुसतं टक टक करतो, मेन तर बँजोवाला, याच्यात स्पार्क नाही." हा गैरसमज मात्र मला नीट काढायचाय. त्या टक टक ला चॉप म्हणतात, आणि ब्लूग्रास मॅन्डोलिनवाल्याचं पहिलं काम तेच. या संगीताच्या जुन्या घडणीत ड्रम नसतो. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बास, दुसऱ्या आणि चौथ्यावर मॅन्डोलिन. उजव्या हाताने सगळ्या तारांवर फटका आणि लगेच डाव्या हाताची बोटं जराशी सैल, तारांना टेकलेलीच, म्हणजे आवाज फुटला की तिथेच संपतो, लांबत नाही. घरी त्याच्या डाव्या हाताकडे बघा, मनगट हलत नाही, नुसती बोटं श्वास घेतल्यासारखी वरखाली होतात. भजनात टाळ चुकला की बुवा कितीही गोड गाऊ देत, सगळं विस्कटतं ना, तसंच हे. ज्याचा चॉप पक्का त्याला बँडवाले पुन्हा बोलावतात, फास्ट सोलो मारणारी पोरं ढिगाने मिळतात. तुमचा मुलगा तेराव्या वर्षापासून मागे उभा राहून टाइम सांभाळतोय आणि मोठी माणसं त्याला उभं राहू देतायत, हीच त्याची पावती समजा.

आणि व्हायोलिनची सहा वर्षं वाया गेली असं लिहिलंय तेही चूक. मॅन्डोलिनच्या आठ तारा, चार जोड्या, आणि ट्यूनिंग व्हायोलिनचंच. तीच बोटं, तीच जागा.

आता करिअर. हे संगीत ज्याच्या ब्लू ग्रास बॉइज बँडच्या नावावरून ओळखलं जातं तो बिल मन्रो, जन्म 1911, केंटकीतलं रोझिन गाव, आठ भावंडांत शेंडेफळ. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि गिटार थोरल्या भावांनी घेतलं, उरलं ते मॅन्डोलिन याच्या वाट्याला, वर आवाज फार होऊ नये म्हणून आठातल्या चारच तारा ठेव म्हणाले. दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. पुढे इंडियानात तेलाच्या रिफायनरीत बॅरल उचलायची नोकरी केली, वाजवणं त्याच्यासोबत चालूच. 1939 मध्ये ग्रँड ओल ऑप्री या रेडिओवरच्या नावाजलेल्या संगीत कार्यक्रमात शिरला तेव्हा अठ्ठाविशीत होता. तुमच्याच राज्यातला अर्ल स्क्रग्ज, बँजोवाला, तोही मन्रोकडे येण्याआधी कापड गिरणीत कामाला होता. हे सांगते कारण नोकरी आणि वाजवणं हे भांडण या क्षेत्रात पहिल्या दिवसापासून आहे आणि लोकांनी दोन्ही केलंय.

आजही महिन्याचा ठरलेला पगार देणारी मॅन्डोलिनची जागा जवळजवळ नाहीच, हे मुलालाही स्पष्ट सांगा. टूर, शिकवण्या, समर कॅम्प, रेकॉर्डिंग, सगळं जोडून घर चालतं. कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स नसतो, तुमच्या प्लॅनवर तो सव्विसाव्या वर्षापर्यंत राहू शकतो, तेवढी वर्षं त्याला हातात आहेत, हे कागदावर मांडून त्याच्यासोबत हिशेब करा. सिएरा हल टेनेसीतल्या छोट्या गावातून बोस्टनच्या बर्कली संगीत कॉलेजात स्कॉलरशिपवर गेली, 2016 मध्ये आयबीएमए या आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचं मॅन्डोलिनचं बक्षीस मिळवणारी पहिली बाई ठरली, पण दरवर्षी एक सिएरा हल निघत नाही म्हणून बाकीच्यांनी वाजवणं सोडलेलं नाही.

ईस्ट टेनेसीचा ब्लूग्रास विभाग 1982 पासून आहे, टिंगलीचा कोर्स नाही तो. तिथे कम्प्युटिंगही आहे आणि ब्लूग्रास मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणूनही घेता येतं, अर्ज दोन्हीकडे करा, निर्णय वसंतात. एसएटी ऑगस्टला होईल, पुढेही देता येते.

मुलासाठी माझं एकच टोचणारं म्हणणं. तुम्ही लिहिलंय तो गात नाही. ब्लूग्रासमध्ये मॅन्डोलिनवाल्याला वरच्या पट्टीतला दुसरा आवाज द्यावा लागतो, मन्रो स्वतः त्याच आवाजासाठी ओळखला जायचा. न गाणारा वादक निवडीत मागे पडतो. लाज सोडून आजपासून गायला लाग म्हणावं, आणि व्हायोलिन पण कपाटातून काढ, फिडल वाजवणारा मॅन्डोलिनवाला दुप्पट कामाचा.

आणि मॅन्डोलिन आजच काढा, परीक्षेची वाट बघू नका. जुलैतली बंद डिकी म्हणजे भट्टी, डिंकाचे जोड सुटतात, वरची स्प्रूस लाकडाची पातळ पाटी खचते. घरात आणल्यावर वाद्याची पेटी लगेच उघडू नका, दोन-चार तास तसंच राहू दे, मग तोच उघडेल. ब्रिजजवळ, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिथे, तडा दिसला तर घरात सुपरग्लू लावत बसू नका, लुथियरकडे, म्हणजे तारवाद्यं बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या. 1985 मध्ये कोणीतरी मन्रोच्या घरात घुसून त्याचं 1923 चं गिब्सन कंपनीचं मॅन्डोलिन सळईने फोडलं होतं, कारागिरांनी तुकडा तुकडा जोडून काही महिन्यांत परत दिलं आणि तो पुढची कित्येक वर्षं तेच वाजवत राहिला. लुथियरकडे जायची वेळ आलीच तर गाडी बाबांनी चालवावी, तुम्ही घरी थांबा.